बिनतारी मोटारींची शर्यत

ज्या अदृश्य लहरींवरून शब्द घरोघरी पोचतात, त्याच लहरींनी यंत्रेही हाकता येतात. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक लहानशी होडी दुरून चालवून दाखविली होती. आज त्याच तत्त्वावर खाचखळग्यांच्या मैदानांत मोटारींच्या शर्यती रंगतात.

या शर्यतींतील मोठ्या मोटारी खऱ्या मोटारीच्या एक पंचमांश आकाराच्या असतात. वजन सुमारे दहा किलो, आणि पोटात बहुधा २३ ते ३० घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन. वंगणाची निराळी सोय नसल्याने पेट्रोलच्या सुमारे २५ भागांत तेलाचा एक भाग मिसळावा लागतो. युरोपात जर्मनीच्या ‘एफ.जी.’ कारखान्याच्या मोटारींना मान मिळाला, पुढे ‘एच.पी.आय.’ची ‘बाहा’ मोटार गाजली. तिचे नाव मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावरून पडले आहे. तेथे १९६७ पासून खऱ्या मोटारींची वाळवंटी शर्यत होत आली आहे.

शर्यतीचा निकाल पुष्कळदा सुरुवातीपूर्वीच ठरलेला असतो. धक्के सोसणाऱ्या नळीत पातळ तेल घातले, तर चाक खळग्यात चटकन उतरते व जमीन सोडत नाही. परंतु मोठ्या उडीनंतर मोटारीचे पोट जमिनीवर आदळते. दाट तेलाने उडी सावरते, पण बारीक खड्ड्यांवर चाके नाचू लागतात. शिवाय उन्हात तेच तेल पातळ होते. म्हणजे सकाळचे गणित दुपारी चुकते. म्हणून जाणता स्पर्धक एका वेळी एकच गोष्ट बदलतो, फेरी मारून पाहतो आणि वहीत टिपून ठेवतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे कळावे कसे?

चालविणेही सोपे नाही. चालक उंच मचाणावर उभा असतो. मोटार त्याच्याकडे तोंड करून येऊ लागली, की डावे-उजवे उलटते. हवेत असताना वेग वाढविला, तर नाक वर उचलते. ब्रेक लावला, तर खाली झुकते.

परंतु या खेळातील खरी कसोटी निराळीच आहे. दहा किलोचे धूड भरवेगात अंगावर आले, तर पाय मोडू शकतो. म्हणून लहरींचा संबंध तुटताच मोटारीने आपोआप ब्रेक लावावा, अशी व्यवस्था तिच्यात करावी लागते, आणि ती प्रत्येक वेळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तपासावी लागते. याखेरीज एक सुंदर प्रथा आहे. आपली फेरी संपली, की स्पर्धकाने मैदानात उतरावे आणि पुढील फेरीतील उलटलेल्या मोटारी सरळ कराव्यात. हे कर्तव्य चुकविणाऱ्याची एखादी फेरी रद्दही होऊ शकते. क्षणापूर्वीचा प्रतिस्पर्धी पालथा पडला, तर धावत जाऊन त्याला उभे करायचे, मग तो आपल्यापुढे गेला तरी चालेल!

जिंकण्याची ईर्षा सर्वच खेळ शिकवितात. धूळ खात, इतरांच्या मोटारी चाकांवर उभ्या करीत जिंकण्याची वाट पाहणे, हा धडा मात्र या मैदानावर प्रत्येकाला गिरवावाच लागतो.