मूलपेशी वाढते कशावर?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस आहे. इथे जतन केलेल्या सेल लाइन्स, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी, देशभरातल्या प्रयोगशाळांना पाठवल्या जातात. पेशी अशा वाढवण्यातला एक अवघड प्रश्न म्हणजे, माणसाच्या भ्रूणातली मूलपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणारी पेशी, वाढवायची कशावर?

नुसत्या प्लास्टिकच्या डिशवर ती तग धरत नाही. चिकटायला योग्य पृष्ठभाग मिळाला नाही, तर मरते. १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी वेगळ्या करून वाढवल्या, त्या उंदराच्या पेशींच्या थरावर. पुढे मॅट्रिजेल नावाचं जेल वापरात आलं. तेही उंदराच्या ट्यूमरमधून काढलेलं. प्रत्येक खेपेचा माल थोडा वेगळा. शिवाय प्राण्यांचे अंश मिसळलेल्या पेशी रुग्णाला द्यायच्या कशा, ही धास्ती होतीच.

म्हणून कृत्रिम लेप आले. २०१० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी संपूर्ण कृत्रिम पॉलिमरच्या लेपावर या पेशी वाढवून दाखवल्या. दुसऱ्या प्रकारात व्हिट्रोनेक्टिन या प्रथिनाचा छोटासा तुकडाच पृष्ठभागाला जोडतात. पेशीवरची इंटिग्रिन नावाची प्रथिनं तो नेमका पकडतात. घटक ठरलेले, त्यामुळे प्रत्येक डिश जवळपास सारखी.

पॉलिमरवर काम करणारी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा इथेच, पाषाणला आहे. स्वस्त देशी लेप पुण्यातच घडावा, असं मनापासून वाटतं.

रुग्णाला पेशी देण्याचा विषय निघालाच आहे, तर एक विनंती. मूलपेशींच्या नावाने हमखास बरं करण्याचं आश्वासन कुणी दिलं, तर पैसे भरण्याआधी त्या उपचाराला मान्यता आहे का, हे लेखी विचारा.