चारचौघांत वाचावा असा इतिहास



प्राचीन आणि मध्ययुगीन इतिहासाची ओढ आज वर्गापेक्षा वर्गाबाहेर अधिक दिसते. रविवारी सकाळी लेण्यांच्या पायऱ्या चढणारे गट, हेरिटेज वॉकला येणारी कुटुंबे, व्याख्यानमालेतल्या इतिहासाच्या पुष्पाला भरणारी सभागृहे, नाण्यांच्या प्रदर्शनात रमणारी मुले आपण सगळे पाहतो. यांतले कोणी परीक्षेसाठी येत नाही. काहीतरी चकित करणारे कानावर आलेले असते आणि त्या कुतूहलापोटी माणसे येतात. अशा माणसांच्या हाती आपण काय ठेवतो, याविषयी मला आज बोलायचे आहे. माझे म्हणणे एवढेच की, आश्चर्य सांगून थांबू नये. ते ज्या पुराव्यावर उभे आहे, तो पुरावा लोकांसमोर उलगडावा आणि त्यांच्याकडूनच तपासून घ्यावा.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, दप्तरे धुंडाळून कागद जमवले आणि १९१० साली सरदार खं. चिं. मेहेंदळे यांच्यासोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या पाक्षिक सभांमध्ये अस्सल कागद वाचले जात, त्यांवर शंका घेतल्या जात, वाद झडत. मराठी इतिहाससंशोधनाची घडण अशा उघड्या सभांतून झाली आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांचे उदाहरण घेऊ. तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे प्राकृत लेख आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. एका लेखात त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण ठेवल्याची नोंद आहे. त्यांपैकी २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे शेकडा एक दराने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने ठेवायचे. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

‘१९०० वर्षांपूर्वीची मुदत ठेव’ एवढे सांगितले, की श्रोते थक्क होतात आणि पुढच्या लेण्याकडे वळतात. त्यांना तिथेच थांबवा. शेकडा एक हा दर महिन्याचा की वर्षाचा, असे विचारा. मुले तोंडी हिशेब करतील. वर्षाला शेकडा एक धरले, तर २००० वर २० कार्षापण येतात. ते २० भिक्षूंना एकेकच पुरतील. महिन्याला शेकडा एक धरले, तर वर्षाचे २४० होतात, म्हणजे २० भिक्षूंना बरोबर १२. दर महिन्याचा होता, हे मुलांनी स्वतः सिद्ध केलेले असते. आठवीतला मुलगा त्या क्षणी संशोधकाच्या जागी उभा असतो. ऐकलेले आश्चर्य तो महिन्याभरात विसरेल, स्वतः सोडवलेला हिशेब विसरणार नाही.

याच लेखात आणखी एक तपशील आहे. हे दान निगमसभेत वाचून दाखवले गेले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवले गेले, असे लेख सांगतो. म्हणजे दान खरे ठरायला ते चारचौघांत वाचले जावे लागे. आज आपण त्या भिंतीसमोर उभे राहून तोच लेख मोठ्याने वाचतो, तेव्हा त्या जुन्या रिवाजाला जागतो.

मध्ययुगातही अशी ठिकाणे विपुल आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख शके ११२८ चा. थोर गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला आणि निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न लावून दिले. लेख संस्कृतात आहे, पण त्याचा काही भाग मराठीत आहे. गणिताच्या अध्ययनासाठी ८०० वर्षांपूर्वी आपल्या मातीत दान दिले गेले, ही गोष्ट प्रत्येक गणित दिनाच्या कार्यक्रमात सांगितली गेली पाहिजे. हा लेख उजेडात आणणाऱ्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नावही त्यासोबत घेतले गेले पाहिजे.

मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सरला इमारतींच्या गराड्यात वीरगळ उभे आहेत. त्यांतल्या काहींवर वल्ह्यांची जहाजे रांगेने कोरली आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाला लढाई आणि मरण, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा. एवढे सांगितले, तरी लोक तो दगड आपला आपण वाचू लागतात. हे समुद्रयुद्ध यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यातले, असे अनेक अभ्यासक मानतात, सगळे मानत नाहीत. हा मतभेद श्रोत्यांपासून लपवू नये. मतभेद कळल्याने लोकांचा विश्वास उडत नाही. आपल्याला विचारात घेतले जाते आहे, हे त्यांना जाणवते.

उलट उदाहरण नाणेघाटातले. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण दाखवून त्यात सातवाहन काळी जकात जमा होत असे, असे जवळजवळ प्रत्येक गटाला सांगितले जाते. हा व्यापारी मार्ग होता, जकात घेतली जात असणेही शक्य आहे. पण शेजारच्या लेण्यातील लेखाचा जो भाग वाचता येतो, तो यज्ञांचा आणि दक्षिणेचा आहे. त्यात गाई, घोडे आणि कार्षापणांचे आकडे आहेत. भारतातील सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. तिथे सिमुक, राणी नागनिका, सातकर्णी यांची नावे कोरलेली आहेत. त्याखालच्या प्रतिमा मात्र नष्ट झाल्या आहेत. पुराव्यातले आश्चर्य दंतकथेपेक्षा मोठे असताना आपण दंतकथेवर समाधान मानावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून या अधिवेशनापुढे मी चार सूचना ठेवतो. पहिली, एका कार्यक्रमात दहा स्थळे उरकण्यापेक्षा एकच लेख किंवा एकच शिल्प नीट वाचावे आणि त्याचे नागरी लिप्यंतर व मराठी अर्थ प्रत्येकाच्या हाती द्यावा. दुसरी, पुरावा कोणता, अनुमान कोणते आणि लोककथा कोणती, हे वक्त्याने तिथल्या तिथे वेगळे करून सांगावे. लोककथेलाही तिचे मोल आहे, ती लोककथा म्हणूनच सांगावी. तिसरी, अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा रंग कोणीही लावू नये. तिरपा उजेड टाकला, की झिजलेली अक्षरेही दिसतात. चौथी, गावातल्या वीरगळांची, सतीशिळांची, गद्धेगाळींची छायाचित्रांसह नोंद शाळेने ग्रामपंचायतीच्या साहाय्याने करावी आणि तिचे वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचन व्हावे. धुण्याचा दगड म्हणून वापरला जाणारा वीरगळ वाचवायचा, तर तो काय सांगतो, हे आधी त्या गावाला कळले पाहिजे.

यांतल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. लागते ती तयारी, सचोटी आणि लोकांच्या बुद्धीवरचा विश्वास. येथे जमलेल्या प्रत्येक शिक्षकाने पुढील अधिवेशनापूर्वी आपल्या तालुक्यातील एक लेख किंवा एक वीरगळ गावकऱ्यांसमोर वाचावा आणि त्यांनी विचारलेले प्रश्न टिपून आणावेत. पुढच्या अधिवेशनाचे पहिले सत्र त्या प्रश्नांसाठी राखून ठेवावे, अशी विनंती मी कार्यकारिणीला करतो आणि आपली रजा घेतो.