कोंबड्याचा तुरा आणि माणसाचे हाड



1849 साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे आर्नोल्ड बेर्थोल्ड यांनी सहा कोवळ्या कोंबड्यांवर केलेला एक प्रयोग जाहीर केला. दोघांची वृषणे काढून टाकली. ते ना आरवले, ना भांडले. तुराही खुरटाच राहिला. उरलेल्या चौघांच्या पोटात एकेक वृषण, स्वतःचे किंवा दुसऱ्याचे, सुटे ठेवले. ते मात्र ऐटीत बांग देऊ लागले! पोट उघडून पाहिले, तर त्या वृषणाला नवा रक्तपुरवठा मिळालेला, पण मज्जातंतू जोडलेले नाहीत. म्हणजे जे काही तुऱ्यापर्यंत पोचत होते, ते रक्तातून. अशा पदार्थाला ‘हार्मोन’ हा शब्द मिळायला अजून अर्धशतक होते.

आता, रक्त काय फक्त तुऱ्यापर्यंतच जाते? ते हाडांतही फिरते. आपण मात्र टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचे हार्मोन, इस्ट्रोजेन बायकांचे अशी वाटणी करून मोकळे झालो. खरे तर दोन्ही दोघांत असतात, प्रमाण तेवढे वेगळे. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्येच बदलतो, आणि हा बदल चरबीतही होतो.

पुरुषांत या इस्ट्रोजेनचे काम काय, हे 1994 साली एका अमेरिकन रुग्णामुळे कळले. वय 28, उंची 204 सेंटिमीटर, आणि अजून वाढतच होती. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित; पुरुषी लक्षणांत काही उणे नव्हते. पण इस्ट्रोजेनचा निरोप पेशींना ऐकूच येत नव्हता, कारण तो घेणारे प्रथिन जन्मतःच बिघडलेले. वयात आल्यावर हाडांची वाढती टोके बंद व्हायला हवीत, ती उघडीच राहिली होती. हाडे ठिसूळ. पुढे ज्या पुरुषांच्या शरीरात इस्ट्रोजेन तयारच होत नव्हते, त्यांना ते औषध म्हणून दिले, तेव्हा टोके जुळली आणि हाडे भरली.

बायकांची पाळी गेल्यावर अंडाशयातले इस्ट्रोजेन आटते आणि हाडांची झीज वेगाने होते. पुरुषांत ते हळूहळू कमी होते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. उतारवयात तर कित्येक आजोबांच्या रक्तात आजीपेक्षा जास्त इस्ट्रोजेन असते. आजोबांना हे सांगायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

पण साध्या घसरण्याने घरात कुणाचे मनगट किंवा खुबा मोडला, तर नुसते प्लॅस्टर किंवा ऑपरेशन करून थांबू नका. डॉक्टरांना हाडांची घनता तपासायला सांगा. आजीची, आणि आजोबांचीही.