आजी-आजोबांची बेटावरची सहल

निवृत्तीनंतर बेटावर फिरायला जायचं म्हटलं की अंदमानच गाठायला हवं असं नाही. कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून मालवणला जावं, समोरच कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा जलदुर्ग पुढं करवीर संस्थानाकडं होता. १८१२ साली तो इंग्रजांकडं गेला. म्हणजे कोल्हापूरकरांना हे बेट परकं नव्हेच!

आमच्या पेठेतलं एक जोडपं नुकतंच जाऊन आलं. होडीत लाइफ जॅकेटचा पट्टा आजोबांच्या पोटावर काही बसेना. आजी म्हणाल्या, "तुमाला कशाला जाकीट? तुमी असंच तरंगताय की!" किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघून आजोबांनी उट्टं काढलं, "बघ, चारी बाजूंनी खारं असूनबी गोड राहता येतंय."

परतीच्या एसटीत तर कहरच. आजोबांनी पंचाहत्तरी ओलांडलेली, म्हणून प्रवास मोफत. आजींना महिला म्हणून निम्मं तिकीट. आजोबा ऐटीत! पण वाहकानं ओळखपत्र मागितलं, आणि ते निघालं पिशवीच्या तळाला, सुक्या बांगड्यांखाली. पुडकं सुटलं आणि घाट चढेपर्यंत अख्ख्या गाडीनं नाकाला रुमाल लावला.

तेव्हा ज्येष्ठहो, आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. ६५ ते ७५ वयोगटाला एसटीत निम्मं भाडं आहे. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून दिवाळीनंतर निघा. आणि बांगडे घट्ट झाकणाच्या डब्यातूनच आणा!