दुसऱ्या भेटीची तारीख



फॅमिली डॉक्टरांच्या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही एका मानसोपचारतज्ज्ञाला दिलंत, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. नैराश्याचा रुग्ण माझ्यापर्यंत पोहोचतो तो उशिरा. त्याआधी तो तुमच्या दवाखान्यातल्या बाकावर कितीदा तरी बसून गेलेला असतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत, असं त्यात आढळलं. ही माणसं डॉक्टरकडे जातच नाहीत असं नव्हे. ती तुमच्याकडे येतात, पण तक्रार वेगळी सांगतात. पाठ धरते, पोटात गॅस धरतो, अंगात त्राण नाही, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही.

अशा वेळी रक्त तपासायलाच हवं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ यांतलं काही बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो. पण रिपोर्ट नॉर्मल आले की 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे वाक्य कृपा करून उच्चारू नका. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास असतं का? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टी नकोशा वाटतात का? एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली पुढे घ्या. २७ पैकी १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर नीट बसून बोलायला हवं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे आणि तोच आपण घाईघाईत ओलांडतो. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. विचारणारं कुणी भेटलं याचा दिलासाच मिळतो. रुग्ण शेतकऱ्याच्या घरचा असेल तर त्याला जोडून आणखी एक गोष्ट विचारा: फवारणीचं औषध कुठं ठेवता? ते त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात जायला हवं.

गोळी लिहिण्याआधी आयुष्यात कधी उलटं झालं होतं का, तेही विचारा. झोप न घेता भरपूर उत्साह, अखंड बडबड, हात सैल सोडून खर्च असे दिवस येऊन गेले असतील तर तो आजार वेगळा आहे, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीनं तो उसळू शकतो. अशा रुग्णाला आमच्याकडे पाठवा.

आता मी ज्यासाठी उभा आहे त्या मुद्द्याकडे येतो. उपचार फसतात ते बहुधा पहिल्या पंधरवड्यात. एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालीन सुरू केलं की मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा दोन-चार दिवसांत जाणवतो. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. हे कुणी सांगितलंच नसेल तर रुग्णानं गोळी का घ्यावी? त्याच्या जागी मीही सोडली असती. म्हणून चिठ्ठी देतानाच सांगा: गोळी जेवणानंतर घ्या, मळमळ आठवड्याभरात कमी होईल, आणि अमुक तारखेला मला भेटाच. पंचविशीच्या आतल्या रुग्णाला तर आठवड्याच्या आत बोलवा, कारण सुरुवातीच्या काळात त्यांच्यात आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

क्लोनाझेपाम जोडलेल्या एकत्रित गोळ्यांबद्दल मला कळकळीनं बोलायचं आहे. क्लोनाझेपामच्या गोळीनं त्याच रात्री झोप लागते, म्हणून रुग्णाच्या लक्षात तीच राहते. मग तो मूळ औषध सोडतो आणि ही मात्र वर्षानुवर्षं दुकानातून आणत राहतो. 'सवय लागेल का?' हा प्रश्न लोक नैराश्याच्या गोळीबद्दल विचारतात. तो विचारायला हवा हिच्याबद्दल. द्यायचीच तर वेगळी द्या, मोजक्या दिवसांसाठी द्या, आणि बंद करण्याची तारीख चिठ्ठीवरच लिहा.

नैराश्याच्या गोळ्यांनी लैंगिक इच्छा मंदावते, ही तक्रार रुग्ण आपणहून सांगत नाही. स्त्रिया तर नाहीच नाही. आपण विचारलं तर डोस कमी करता येतो, मिर्टाझापीनसारखं औषध बदलून देता येतं. मात्र त्यानं वजन वाढतं, तेही आधी सांगावं.

साठी उलटलेल्यांबाबत सोडियम विसरू नका. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड चालू आहे, त्यात एस्सिटॅलोप्राम सुरू झालं, आणि काही दिवसांत आजी असंबद्ध बोलू लागल्या, तोल जाऊन पडल्या. घरचे म्हणतात, वय झालं. खरं तर रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं. सुरू करण्यापूर्वी आणि दोन आठवड्यांनी एक तपासणी केली तर हे टळतं. ॲस्पिरिन किंवा गुडघेदुखीच्या गोळ्या सोबत असतील तर पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल तर सहज लिहू नये.

बरं वाटू लागल्यावरही पहिल्या वेळी किमान सहा महिने औषध चालू ठेवावं लागतं, आणि थांबवायचं ते उतरत्या डोसनं. पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. रुग्णाला वाटतं, सवयच लागली.

एवढं बोलायला वेळ कुठं आहे, असं तुम्ही म्हणाल. ते खरंच आहे. पण हे सगळं डॉक्टरनंच करायला हवं असं नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याचे रुग्ण सांभाळून दाखवले. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. अमरावती जिल्ह्यातल्या गावांत 'विश्राम' प्रकल्पानं तेच काम गावच्या माणसांकडून करून घेतलं, आणि मदत घेणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. तुमच्या कंपाउंडरला, नर्सला पाचव्या दिवशी एक फोन करायला शिकवता येईल.

या परिषदेनं उद्याच्या कार्यकारिणीत एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. अर्ध्या पानाचं मराठी पत्रक तयार करू या: गोळी कधी गुण देते, पहिल्या आठवड्यात काय त्रास होईल, कोणत्या त्रासासाठी लगेच यायचं, अचानक बंद का करायची नाही. खाली टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, आणि त्याखाली मोकळी जागा, तुमच्या हातानं दुसऱ्या भेटीची तारीख लिहिण्यासाठी. मसुदा मी सोबत आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत तो वाचा, आणि तुमच्या रुग्णांना जे शब्द कळणार नाहीत ते खोडून द्या.