काम नसताना गाडी

आज लांबची, स्वीडनची गोष्ट. तिथल्या ईवी रोस्क्विस्ट जनावरांच्या डॉक्टरांच्या मदतनीस. गोठे गाठायला रोज मोटार चालवायची, हिवाळ्यात बर्फातूनसुद्धा. हात असा बसला, की १९६२ साली अर्जेंटिनातली हजारो किलोमीटरची शर्यत त्यांनी मर्सिडीजमधून जिंकली. तोवर ती कुठल्याच बाईने जिंकली नव्हती.

त्याआधी त्या चालवायच्या ती गोल पाठीची व्होल्वो हौशी माणसं आजही जपतात, गोठलेल्या तळ्यावर नुसती मजेसाठी फिरवतात. जोर मागच्या चाकांना, म्हणून बर्फावर मागचा भाग घसरतो. तो उजवीकडे गेला, तर स्टिअरिंगही उजवीकडेच वळवायचं. घाबरून ब्रेक दाबला, की गाडीने गिरकी घेतलीच! टायरला बारीक खिळे असतात. रस्त्यावर बर्फ वितळायला टाकलेलं मीठ पत्रा खातं, म्हणून घरी आल्यावर गाडी खालूनही धुवायची. हौसेलाही कष्ट आहेतच.

मी चाळिशीत स्कूटी शिकले, ती बँकेच्या कामांसाठी. परवा पहिल्यांदाच काम नसताना धरणापर्यंत जाऊन आले. सासूबाईंनी विचारलं, “काय आणलंस गं?”

म्हटलं, “काही नाही. नुसतीच गेले होते.”