ध्यान : मनाच्या हजेरीचा अभ्यास
(सिकंदराबाद येथील कुळावी कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गर्भागारासमोर हात जोडून उभे असताना मन घरच्या तंट्यात गुंतलेले आहे, हा अनुभव आपणांपैकी कोणास नाही? देव समोर असतो, भक्तच गैरहजर असतो. आणि ही गैरहजेरी कोणत्याही हजेरीपटात नोंदली जात नाही.

ध्यान म्हटले की आपणांस हिमालय आठवतो. मी सारा जन्म फायलींत घालविलेला मनुष्य. म्हणून माझ्या मनाला भिडली ती एका हिशेबनिसाची कथा. ब्रह्मदेशातील ऊ बा खिन (१८९९–१९७१) हे सरकारी लेखा कार्यालयात साधे कारकून म्हणून लागले आणि ४ जानेवारी १९४८ रोजी, देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, तेथील पहिले अकौंटंट जनरल झाले. १९३७ मध्ये त्यांनी विपश्यना शिकली ती सया थेटजी नावाच्या एका शेतकऱ्यापाशी. पुढे आपल्या कचेरीतील कर्मचाऱ्यांनाही त्यांनी ध्यानास बसविले. आपल्याकडील कचेऱ्यांत असे काही घडले असते तर निम्मे वादविवाद तरी वाचले असते!

१९५५ मध्ये त्यांच्याकडे मंडाले येथे जन्मलेले सत्यनारायण गोयंका नावाचे तरुण व्यापारी आले. अर्धशिशीने ते इतके पीडित होते की मॉर्फीनची सुई टोचून घ्यावी लागे. केवळ डोकेदुखी जावी म्हणून येत असाल तर येऊ नका, असे गुरूंनी त्यांना सांगितले. मनाची शुद्धी हे ध्येय, व्याधी गेली तर तो वरचा लाभ. हेच गोयंका १९६९ मध्ये भारतात आले. त्यांच्या मातोश्रींना मानसिक आजार जडला होता. जुलै महिन्यात मुंबईच्या एका धर्मशाळेत त्यांनी पहिले शिबिर घेतले, त्यात आईवडिलांसह अवघे १४ जण होते. पुढे १९७६ मध्ये येथे, नागार्जुनसागर मार्गावर वनस्थळीपुरमनजीक कुसुमनगरात, ‘धम्मखेत्त’ केंद्र सुरू झाले. सिकंदराबादेहून तेथे जाण्यास दिलसुखनगरची गर्दी ओलांडावी लागते, एवढाच काय तो तपाचा पूर्वभाग.

माझी पत्नी निवर्तल्यानंतर काही महिन्यांनी मी त्या दहा दिवसांच्या शिबिरास गेलो. दुपारी चार वाजता, म्हणजे चहाच्या वेळी, मला स्वयंपाकघरात पाऊल टाकवत नसे. बारावे-तेरावे यथासांग झाले होते. पण शोकाला तिथी कळत नाही.

पहाटे चारला घंटा होते. दहाव्या दिवसापर्यंत मौन असते. प्रथम साडेतीन दिवस केवळ नैसर्गिक श्वास पाहावयाचा. आपल्या संध्येतील प्राणायामाप्रमाणे तो रोधावयाचा नाही. नंतर सर्वांगातील संवेदना क्रमाने पाहावयाच्या, सुखद असो वा दुःखद, प्रतिक्रिया न देता. तेवढ्या मुदतीपुरते जप, पूजा, माळ बाजूस ठेवण्याचा नियम मला फार जड गेला, आणि आपणांपैकी अनेकांस तो खटकेल. परंतु घरी परतल्यावर कुलदेवतेपुढे बसलो तेव्हा नामात लक्ष पूर्वीपेक्षा अधिक राहू लागले. हे ‘आपले’ की ‘परके’ हा वाद मला तेव्हापासून फिका वाटतो.

पाचव्या दिवशी छातीत गाठ बसल्यासारखी वेदना उठली आणि मी रडलो. कोणी सांत्वन केले नाही. ती वेदना वाढली, पसरली, उतरली. पुन्हा आली, पुन्हा उतरली. जुन्या खतावणीतील नोंद खाडाखोड न करता वाचावी तसे ते वाचन होते. शोक संपला असे मी म्हणणार नाही. आता चारचा चहा मी स्वतः करतो, दोन कप काढतो, एक परत ठेवतो, आणि त्यावेळी जे मनात येते त्यास येऊ देतो.

एक इशारा अवश्य देतो. ज्यांस तीव्र मानसिक आजार आहे त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून अशा शिबिरास जाऊ नये, आणि कोणीही आपली औषधे परस्पर बंद करू नयेत. मधुमेह, रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनी अर्जातच तसे लिहावे. नवख्यांस सायंकाळी केवळ चहा व फळे मिळतात. शुल्क नाही, शिबिर पूर्ण करणाराच इच्छेनुसार दान देतो. आपल्या देवस्थानाच्या पावती-पुस्तकांची सवय असलेल्यांस हे नवल वाटेल.

दहा दिवस ज्यांस शक्य नाहीत त्यांनी पहाटे, घर जागे होण्यापूर्वी, देवघरासमोर वीस मिनिटे निव्वळ श्वास पाहत बसावे. भोजनानंतर मी येथेच आहे. अर्ज कसा करावयाचा, काय बरोबर न्यावयाचे, हे ज्यांस विचारावयाचे असेल त्यांनी निःसंकोच विचारावे.